धातूचा हिशोब लागतो का?

«मामांच्या पश्चात त्यांचा नाण्यांचा डबा माझ्याकडे आला. त्यातली सहा नाणी विचित्र दिसतात म्हणून बाजूला काढली आहेत. एकावरचं साल दुहेरी दिसतं. एक नाणं नेहमीपेक्षा लहान आणि कडेला जाडजूड आहे. एकाच्या कडेचा चंद्रकोरीसारखा लचका गेलाय. एकाच्या मागच्या बाजूवर चेहरा उलटा आणि खोलगट उमटलाय. एकाचा रंग भलताच तांबूस आहे. सहाव्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत रेघ आहे. ओळखीचे एक संग्राहक म्हणतात, सगळी 'मिंट एरर', म्हणजे टांकसाळीतच चुकलेली आहेत, जपून ठेवा. दुसरे म्हणतात, सगळं भंगार आहे. कोणाचं ऐकू? आणि तज्ज्ञांना दाखवण्याआधी नाणी घासून लख्ख करून घेऊ का?»

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, बाकीचं सवडीने वाचलंत तरी चालेल. घासू नका. पावडर नको, आम्ल नको, जुना टूथब्रशही नको. ठशाखाली दाबलं जाताना नाण्याचा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर केसाहून बारीक रेषा सोडून जातो. नवं नाणं उजेडात हळूहळू फिरवलं की चकाकी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते, ती या रेषांमुळे. नाण्यातली खोट टांकसाळीतली आहे की नंतरची, याचा निम्मा पुरावा त्या चकाकीत असतो. घासलंत की तो गेला, आणि कितीही पॉलिश केलं तरी परत येत नाही.

आता तुमचे दोन संग्राहक. 'सगळी' म्हणणाऱ्या कोणाचंही ऐकू नका, मग तो सगळी खरी म्हणो की सगळी भंगार. प्रत्येक नाण्याला एकच प्रश्न विचारायचा: इथला धातू कुठे गेला, आणि तिथला कुठून आला? नाण्यात धातू आपोआप उगवत नाही आणि आपोआप नाहीसाही होत नाही. टांकसाळीत जे घडतं त्याचा हिशोब टांकसाळीच्या यंत्रांनी लागतो. नंतर जे घडतं त्याचा हिशोब कानशीने, हातोड्याने, आम्लाने किंवा मातीने लागतो.

त्यासाठी नाणं कसं तयार होतं ते थोडक्यात डोळ्यांपुढे आणा. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात. भट्टीत तापवून त्या मऊ करतात. मग एका यंत्रात कडेने दाबून त्यांना सगळीकडून किंचित उंच काठ काढतात. शेवटी चकती पोलादी कड्यात, म्हणजे कॉलरमध्ये बसते आणि वरच्या-खालच्या ठशांमध्ये एका दणक्यात दाबली जाते. नाण्याच्या दोन्ही बाजू आणि कड एकाच क्षणी तयार होतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण त्यामुळेच खऱ्या एररची खूण बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूवर किंवा समोरच्या कडेवरही सापडते. घरात किंवा रस्त्यावर झालेली इजा एवढी नेटकी साक्ष सोडत नाही.

सुरुवात लचका गेलेल्या नाण्यापासून करते, कारण सहांत माझी सगळ्यात मोठी आशा त्याच्यावर आहे. पट्टीतून चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर कापणारा पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि नव्या चकतीला चंद्रकोरीचा चावा घेतो. संग्राहक याला 'क्लिप' म्हणतात. आता पुढचं पाहा. ही तुटकी चकती काठ काढणाऱ्या यंत्रात जाते तेव्हा चाव्याच्या जागी दाबायला कडच नसते. एका बाजूने दाब नाही, तर बरोबर समोरच्या बाजूलाही तो नीट बसत नाही. म्हणून चाव्याच्या थेट समोर काठ बुटका, पुसट, कधी अजिबात नसतो. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. कातरीने किंवा कानशीने कड कापणाऱ्याच्या हे गावीही नसतं. तो चावा घेतो आणि समोरचा काठ ठणठणीत ठेवतो.

तर भिंग घ्या आणि आधी चाव्याच्या समोरचा काठ बघा. मग चाव्यालगतची अक्षरं बघा. चकती आधी क्लिप होऊन नंतर ठशाखाली गेली असेल, तर तिथला धातू मोकळ्या जागेकडे सरकलेला असतो. अक्षरं चाव्याकडे जाताना विरळ होतात, किंचित ओढल्यासारखी दिसतात. नंतर कापलेल्या नाण्यात अक्षर पूर्ण उंचीचं असतं आणि मध्येच सुरीने कापल्यासारखं संपतं. एक सावधगिरी: समोरचा काठ पुसट नसेल तर लगेच निराश होऊ नका, प्रत्येक खऱ्या क्लिपमध्ये तो परिणाम ठळक दिसतोच असं नाही. पण तो दिसला आणि अक्षरंही विरळ होत गेलेली असली, तर नाणं वेगळ्या पाकिटात ठेवा.

लहान आणि जाड कडेचं नाणं मात्र मला बघायचीही गरज नाही. कारण तसंच एक माझ्याकडे आहे. संग्रहाच्या पहिल्याच वर्षी एका विक्रेत्याकडून ते मी 'वेगळ्या चकतीवर पडलेलं नाणं' म्हणून घेतलं आणि वर्षभर मिरवलं. कड गोट्यासारखी गुळगुळीत, काठ आतल्या बाजूला कलंडलेला, कडेजवळची अक्षरं त्याने अर्धी गिळलेली. मग एकदा वजन केलं. वजन जवळजवळ पूर्ण! नाणं लहान झालं होतं, पण धातू कुठेही गेला नव्हता. नुसता कडेवरून आत ढकलला गेला होता. कपडे वाळवण्याच्या मोठ्या यंत्रांत ढोलाच्या फटीत नाणं अडकतं आणि दिवसेंदिवस कडेवर आपटत राहतं, तेव्हा ते असं होतं. चमच्याने कड ठोकत बसलं तरी होतं. खरंच लहान चकतीवर पडलेलं नाणं वजनाने हलकं असतं, आणि त्याच्यावरची अक्षरं बाहेरच्या बाजूला कापली जातात, वळलेल्या काठाखाली दबत नाहीत. तुमचं वजन करून पाहा. माझा अंदाज आहे की आकडा नेहमीच्या जवळपासच येईल.

दुहेरी सालाचं नाणं ही या छंदातली सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट, म्हणून इथे जरा रेंगाळते.

ठसाही कशावरून तरी तयार होतो. मूळ नक्षी एका पोलादी हबवर उठावात असते आणि ती ठशाच्या पोलादात दाबून उतरवतात. पूर्वी एका दाबात नक्षी पुरती उतरत नसे. ठसा तापवून मऊ करायचा आणि पुन्हा दाबायचा. दुसऱ्या वेळी ठसा किंचित फिरलेला बसला की नक्षी दोनदा उतरली. मग त्या ठशाचं प्रत्येक नाणं दुहेरी. संग्राहक याला 'डबल डाय' म्हणतात. 1955 सालचं अमेरिकेचं लिंकन सेंट हे याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. त्यावरचं साल आणि मजकूर नुसत्या डोळ्यांनी दुहेरी दिसतो. अशा दुहेरीपणात दोन्ही प्रतिमा भरीव असतात, दोघींनाही गोलाई असते, आणि अक्षराचे कोपरे दुभंगून खाच पडल्यासारखे दिसतात. मुख्य म्हणजे अक्षर एकूण जाड झालेलं असतं. हिशोब सरळ आहे: ठशात जागाच जास्त कोरली गेली, तर तिच्यात धातूही जास्त चढणार.

दुसरा दुहेरीपणा असतो तो यंत्राच्या ढिलाईचा. दणका बसतो, नाणं तयार होतं, आणि ठसा सुटता सुटता जरासा सरकतो. सरकताना ताज्या अक्षराच्या कडेला घासून तो तिला चेपतो. भिंगाखाली अक्षराच्या बाजूला फळीसारखी सपाट, चकचकीत पायरी दिसते. पहिल्या नजरेला हेही दुहेरीच वाटतं. पण नीट बघा: पायरी मूळ अक्षराच्या पोटातून कापलेली आहे. म्हणून अक्षर जाड होण्याऐवजी उरलेला उंच भाग बारीक झालेला असतो. याला यांत्रिक दुहेरीपणा म्हणतात. घडतं टांकसाळीतच, पण संग्राहक त्याला एररचा मान देत नाहीत आणि त्याला वरची किंमतही येत नाही. काहींना हा अन्याय वाटतो. मला वाटत नाही, कारण अशी नाणी पोत्याने सापडतात.

तिसरा प्रकार झिजलेल्या ठशाचा. हजारो दणक्यांनंतर ठशातल्या अक्षरांच्या कडा खचतात आणि नाण्यावर अक्षराभोवती धूसर, पसरट सावली येते. गंमत म्हणजे 1955 सालच्याच सेंटमध्ये असेही नमुने आहेत. त्यांच्यावर शेवटचा 5 तेवढा पसरट दुहेरी दिसतो. त्यांना संग्राहक थट्टेने 'गरिबाचा डबल डाय' म्हणतात. एकाच सालचं, एकाच किमतीचं नाणं, पण एकाचा दुहेरीपणा जन्माचा आणि दुसऱ्याचा म्हातारपणाचा.

तुमच्या नाण्यासाठी कमीत कमी दहापट मोठं दाखवणारं भिंग लागेल. एक आकडा निवडा आणि त्याच्याकडेच बघत राहा. दुसरा थर पहिल्याएवढा उंच आणि गोल आहे, की खाली पायरीसारखा सपाट? हे कळलं की निकाल लागला.

उलटा, खोलगट चेहरा. याच्या दोन गोष्टी असू शकतात आणि दोन्ही ऐकायला सारख्याच वाटतात.

पहिली अशी: दाबलेलं नाणं बाहेर पडलंच नाही, मागच्या बाजूच्या ठशाला चिकटून बसलं. पुढची चकती आत आली. तिच्या एका बाजूला खरा ठसा आणि दुसऱ्या बाजूला त्या चिकटलेल्या नाण्याचा उठावदार चेहरा. दणका बसला. या नव्या नाण्याच्या पुढच्या बाजूवर चेहरा नेहमीसारखा, आणि मागच्या बाजूवर तोच चेहरा आरशातला, आत गेलेला. हे ब्रॉकेज. दुसरी गोष्ट अशी: कोणीतरी दोन नाणी एकावर एक ठेवून वाइसमध्ये घट्ट आवळली किंवा हातोडा घातला.

फरक ओळखायचा तो मागच्या बाजूच्या मूळ नक्षीवरून. ब्रॉकेजमध्ये त्या जागी मागची नक्षी उमटलीच नव्हती. ठसा झाकलेला होता, उमटणार कुठून? वाइसमध्ये दाबलेल्या नाण्यात नक्षी आधीपासून होती, आणि चेहरा तिच्यावर चढवलेला आहे. उलट्या हनुवटीच्या आतून मागच्या बाजूची अक्षरं चेपलेली, विस्कटलेली डोकावत असतील, तर ते हाताचं काम. शिवाय वाइसच्या जबड्याला टेकलेली दुसरी बाजू सपाट झालेली असते. हुशार माणूस मध्ये चामड्याचा तुकडा ठेवतो आणि ती सपाटी चुकवतो, म्हणून फक्त तिच्यावर विसंबू नका. आधी मूळ नक्षीची भुतं शोधा. तुम्ही लिहिलंय 'चेहरा उमटलाय', पण बाकीची नक्षी गायब आहे की तिथेच आहे ते लिहिलेलं नाही. नक्षी शाबूत असेल तर मला भीती वाटते की उत्तर दुसऱ्या गोष्टीत आहे.

चेहऱ्यावरच्या रेघेचा निकाल एका प्रश्नात लागतो: रेघ वर आलेली आहे की आत गेलेली? ठशाला तडा गेला की त्या तड्यात नाण्याचा धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ येते. ती बहुतेक वेळा काठापर्यंत पोचते आणि अक्षरं, गाल, मोकळी जागा यांतून अडखळल्याशिवाय जाते. ओरखडा नेहमी खोल असतो, आणि नांगराच्या तासासारखी त्याच्या एका किंवा दोन्ही काठांना माती, म्हणजे धातू, लोटलेली असते. तो उंच भागांवर खोल आणि सखल भागांवर उथळ असतो, मधूनच उडी मारतो.

उंच की खोल हे डोळ्यांना फसवतं. भिंगाखाली कितीतरी वेळा मलाही खोल रेघ उंच दिसलेली आहे. त्यावर उपाय असा. दिवा एका बाजूला, नाण्याच्या जवळजवळ पातळीत ठेवा. आता नाण्यावरचं असं एखादं अक्षर बघा जे उंच असल्याचं तुम्हाला ठाऊक आहे. त्याची सावली कोणत्या बाजूला पडलीय? रेघेचीही त्याच बाजूला पडत असेल तर रेघ उंच. उलट बाजूला असेल तर खोल. रेघेला नख लावून बघायचा मोह होईल, तो आवरा.

ठशातला तडा वाढत गेला की काठाजवळ ठशाचा टवकाच उडतो, आणि नाण्यावर तिथे नक्षी नसलेला धातूचा फुगवटा येतो. त्याला इंग्रजीत 'cud' (कड) म्हणतात, आपल्या 'कड' या शब्दाशी त्याचा संबंध नाही, ऐकताना गोंधळ होतो. त्याच्या मागच्या बाजूला नेमक्या त्याच जागी नक्षी पुसट असते, कारण पोकळी भरायला धातू तिकडे धावला. डिंक किंवा डाग देऊन केलेल्या फुगवट्यात दुसरी बाजू ठसठशीत राहते. तुमची रेघ उंच निघाली तर ती खरी. पण बारीक तडे खूप नाण्यांवर असतात, तेव्हा हुरळून जाऊ नका.

राहिलं तांबूस नाणं. रंग ही सगळ्यात कच्ची साक्ष. जमिनीत पुरलेलं नाणं लाल, तपकिरी, काळं होतं. तापवलेलं नाणं रंग बदलतं. तांब्याचा मुलामा तर कोणालाही देता येतो. इथे लोहचुंबक आणि वजनकाटा बोलतो. युद्धामुळे तांबं वाचवायला 1943 साली अमेरिकेने सेंट जस्त चढवलेल्या पोलादाचं काढलं. ते 2.70 ग्रॅम भरतं. मोजकीच नाणी चुकून जुन्या ब्राँझच्या चकत्यांवर पडली, ती 3.11 ग्रॅमची. मग लोकांनी पोलादी सेंटवर तांबं चढवलं. अशी नकली नाणी चुंबकाला टपकन चिकटतात. आणखी काहींनी 1948 च्या ब्राँझ सेंटमधला 8 कोरून त्याचा 3 केला. तिथे चुंबक आणि वजन दोन्ही पास होतात, तिथे आकड्याचं वळण पकडावं लागतं.

तुमचं नाणं थरांचं असेल तर आणखी एक शक्यता आहे. बाहेरचा थर चकतीवरून आधीच सुटला असेल तर आतला तांबडा गाभा दिसतो. पण मग लाली साधारण एकाच बाजूला, आणि वजन त्या थराएवढं कमी. दोन्ही बाजू, कड, अक्षरांच्या खाचा सगळं सारखंच तांबूस असेल आणि वजनही नेमकं असेल, तर मी मातीला किंवा मुलाम्याला दोष देईन. वजन कमी आणि त्याबरोबर सगळी नक्षीच विरघळल्यासारखी मऊ झाली असेल, तर आम्ल. आम्ल धातू सगळीकडून खातं, कड पातळ करतं. टांकसाळीत असं करणारं कुठलंही यंत्र नाही.

एक उदाहरण सांगायचा मोह आवरत नाही, कारण त्यात पूर्ण हिशोब आहे. 1937 साली डेन्व्हरच्या टांकसाळीत ठसा जास्त घासला गेला आणि 'बफेलो निकल' या अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्यावरच्या गव्याचा पुढचा एक पाय नाहीसा झाला. 'तीन पायांचा बफेलो' प्रसिद्ध झाल्याबरोबर लोकांनी चार पायांच्या नाण्यांवरचा पाय खरवडून काढायला सुरुवात केली. पण मूळ ठशावर गव्याच्या पोटाखाली खडबडीत ठिपके होते, ते खऱ्या नाण्यांवर पोटाखालून जमिनीपर्यंत उठावात उतरलेत. कानस पाय काढू शकते. नाण्याच्या पृष्ठभागावर नवे ठिपके उगवू शकत नाही.

आणि अशीही एरर असते जिच्यात धातूची काहीच चूक नसते. 2008 साली ब्रिटनने वीस पेन्सच्या नाण्याची मागची बाजू बदलली आणि साल मागून पुढे नेलं. काही नाण्यांसाठी पुढचा जुना ठसा आणि मागचा नवा ठसा एकत्र लागले. दोन्हींवर साल नाही. नाणं देखणं, अखंड, आणि बिनसालाचं. अशा जोडीला 'म्यूल' म्हणतात. पण कोणी दोन छापे असलेलं नाणं दाखवलं तर आधी काठाच्या आतल्या बाजूला भिंगाने गोल फिरून सांधा शोधा. बहुतेक वेळा एक नाणं पोखरून त्यात दुसरं बसवलेलं असतं.

आता कामाचं. शंभरांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, व्यास मोजायला व्हर्नियर, भिंग आणि चुंबक घ्या. प्रत्येक नाण्याचं ठरलेलं वजन आणि व्यास ते काढणाऱ्या टांकसाळीने जाहीर केलेला असतो, तो शोधून शेजारी लिहा. प्रत्येक नाण्याला थोडी सूट असते, तेव्हा दोन-चार शतांशांवरून भांडू नका. शेजारी त्याच प्रकारचं एक साधं नाणं ठेवा. तुलना केल्याशिवाय नाण्यातलं वेगळेपण कळत नाही.

ग्रेडिंगला, म्हणजे तज्ज्ञांकडून रीतसर पारख करून घ्यायला, सहाही पाठवू नका, शुल्क प्रत्येक नाण्याचं वेगळं लागतं. लहान जाड नाणं बाजूला ठेवा. तांबूस नाण्याला चुंबक लावा. दुहेरी सालाचा निर्णय भिंगाखालच्या त्या एका आकड्यावर घ्या. लचक्याच्या नाण्याचे तीन फोटो मला पाठवा: चावा, चाव्याच्या समोरचा काठ, आणि पूर्ण नाणं, सगळे तिरप्या उजेडात. उलट्या चेहऱ्याच्या नाण्याचा मागच्या बाजूचा एक फोटो पुरे, त्याच्याबरोबर वजनही लिहा.